सणाचा खाडा

आपल्या इचलकरंजीत 'खाडा' हा शब्द कुणाला शिकवावा लागत नाही. मागावर गेला नाही, की त्या दिवसाचा खाडा. दूधवाला आला नाही, की त्याचा खाडा. महिन्याच्या अखेरीला खाडे मोजायचे आणि हिशेब करायचा. हे आपण सगळेच करतो.

पण एक खाडा असा आहे, की त्याची नोंद कुणी ठेवत नाही. तो म्हणजे व्यायामाचा खाडा. दिवाणजी तो वहीत लिहीत नाहीत. पगारातून तो कापला जात नाही. तो कापला जातो शरीरातून. आणि हा खाडा सर्वांत जास्त पडतो तो सणासुदीत.

आज त्याचीच गोष्ट सांगतो.

एका विणकराची हकीकत

आमच्या रात्रीच्या वर्गात एक गृहस्थ येतात. वय पन्नाशीच्या पुढे. सारा जन्म यंत्रमागावर गेला. काही वर्षांपूर्वी त्यांना मधुमेह निघाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितले, "रोज अर्धा तास झपाझप चाला." त्यांनी ते मनावर घेतले. पहाटे उठून ते पंचगंगेच्या वाटेने चालू लागले. सहा महिने एक दिवस चुकला नाही. साखर आटोक्यात आली. अंगात हुशारी आली.

मग दिवाळी आली. माग बंद झाले. हातात बोनस पडला. पाव्हणेरावळे आले. नरकचतुर्दशीला चालणे चुकले. लक्ष्मीपूजनाला चुकले. पाडव्याला चुकले. भाऊबीजेला बहिणीकडे गेले, तिथेही चुकले. घरी परत आल्यावर वाटले, आता उद्यापासून. पण उद्या तुळशीचे लग्न, परवा भाच्याचे लग्न. 'उद्या' काही उगवेना. गोडधोड चालू होते आणि गोळ्याही मधूनमधून चुकत होत्या.

असा दीड महिना गेला. दत्तजयंती आली. मनाला टोचणी लागली होती. त्यांनी ठरवले, सगळी कसर एका दिवसात भरून काढू. आणि अनवाणी नरसोबावाडीला निघाले. दर्शन झाले. पण पायाला फोड आले. एक फोड फुटला. मधुमेहात पायाची संवेदना कमी होते, त्यामुळे दुखले नाही. दुखले नाही म्हणून त्यांनी बघितले नाही. जखम चिघळली. अंगठा जातो की राहतो, अशी वेळ आली. दोन महिने मागावर उभे राहता आले नाही.

पाय बरा झाल्यावर ते वर्गात आले. म्हणाले, "गुरुजी, माझं चुकलं कुठं? सण करायचाच न्हाई का?"

मी म्हणालो, "दादा, सण जरूर करायचा. तुमचे दोन ठिकाणी चुकले. एक, तुम्ही व्यायाम पार सोडला. दुसरे, सोडलेला व्यायाम एका दिवसात वसूल करायला गेलात."

ह्या दोन्ही चुका आपण सगळे करतो. म्हणून त्या नीट समजून घेऊ.

दिवसभर उभे राहतो, मग व्यायाम कशाला?

हा प्रश्न मला नेहमी विचारतात. "बारा तास मागावर उभं राहतोय. आणि वर व्यायाम?"

प्रश्न रास्त आहे. आपले गाव कष्टाचे आहे. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग आणला. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी ह्या धंद्याला उत्तेजन दिले. तेव्हापासून ह्या गावाचे पोट मागावर चालते. इथल्या माणसाला आळशी कोण म्हणेल?

पण श्रम आणि व्यायाम ह्यांत फरक आहे. मागावर तुम्ही एकाच जागी फार वेळ उभे असता. धोटा बदलायचा, तार जोडायची, चार पावले इकडे, चार पावले तिकडे. तेच हात, तेच खांदे, तीच कंबर दिवसभर झिजते. पण छातीचा ठोका वाढत नाही, दम लागत नाही. म्हणजे पाय दमतात, पण काळीज तयार होत नाही. गादीवर बसून हिशेब लिहिणाऱ्याचे तर पायही हलत नाहीत.

विलायतेत ह्याचा एक मोठा अभ्यास झाला. लंडन शहरात दुमजली बसगाड्या होत्या. गाडीचा ड्रायव्हर दिवसभर बसून. कंडक्टर मात्र तिकिटे द्यायला दिवसभर जिना वर-खाली करायचा. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी ह्या हजारो नोकरांची माहिती गोळा केली. १९५३ साली ती छापून आली. काय दिसले? बसून काम करणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिना चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयाचा विकार कमी होत होता. गाडी एकच, पगार देणारा एकच, फरक जिन्याचा. तेव्हापासून जगभरच्या डॉक्टरांचे हालचालीकडे लक्ष गेले.

मग व्यायाम किती करावा? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे, की मोठ्या माणसाने आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा. म्हणजे दिवसाला २२ मिनिटांच्या आसपास. शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा. मध्यम म्हणजे केवढा? त्याची खूण सोपी आहे. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. तेवढा वेग पुरे.

खाडा पडला की शरीरात काय होते?

आता मुख्य गोष्ट. एक दिवस चुकला तर काय बिघडते? खरे सांगायचे तर, काही बिघडत नाही. उलट कष्टाच्या व्यायामानंतर एक दिवस विसावा चांगलाच. बिघाड होतो तो सलग खाड्यांनी.

पहिली पायरी दोन-तीन दिवसांची. आपण चालतो तेव्हा पायांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात आणि जाळतात. चालणे थांबले तरी हा गुण एक-दोन दिवस टिकतो. मग ओसरतो. म्हणूनच डॉक्टर मधुमेहाच्या माणसाला सांगतात, की सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा पडू देऊ नका. आणि आपल्या दिवाळीचे दिवस किती? वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत मोजा. वर लाडू, करंज्या, शंकरपाळ्या. साखर आत येण्याचा दरवाजा उघडा आणि बाहेर जाण्याचा बंद!

दुसरी पायरी दोन आठवड्यांची. एवढ्या काळात दम कमी होऊ लागतो. जो जिना सहज चढत होता, तो चढताना धाप लागते.

तिसरी पायरी तीन-चार आठवड्यांची. मग स्नायूंची ताकदही उतरू लागते. तरण्या माणसाची हळू उतरते. म्हाताऱ्या माणसाची लवकर उतरते आणि परत यायला वेळ लागतो. म्हणून आजोबांना "तुम्ही बसा, सण आहे" म्हणून आठ-आठ दिवस खाटेवर बसवून ठेवू नये.

ह्यात एक आनंदाची गोष्टही आहे. ताकद कमवायला जेवढी मेहनत लागते, तेवढी ती टिकवायला लागत नाही. पुष्कळ थोड्यात ती टिकते. आणि एकदा कमावलेले शरीर नव्याने सुरू केले, तर पहिल्यापेक्षा लवकर वळणावर येते. म्हणजे सणाच्या दिवसांत थोडासा व्यायाम केला, तरी आपले भांडवल शिल्लक राहते. व्याज नाही वाढले, तरी मुद्दल बुडत नाही.

जुन्या सणांत व्यायाम होता

आपल्या वाडवडिलांनी सण आणि व्यायाम वेगळे केले नव्हते. नीट बघा.

मंगळागौरीला आणि नागपंचमीला बायका झिम्मा, फुगडी, पिंगा खेळतात. पाच मिनिटे फुगडी घालून बघा, म्हणजे दम कशाला म्हणतात ते कळेल. आषाढीला वारकरी आळंदीहून पंढरपूरला पायी जातात. जोतिबाच्या चैत्र यात्रेत उंच सासनकाठ्या नाचवतात. गणपतीच्या मिरवणुकीत लेझीम असायची. लेझीम म्हणजे हात, पाय, कंबर, सगळ्यांचा व्यायाम. आता ठिकठिकाणी कर्णे लागतात आणि माणसे उभी राहून ऐकतात. लेझीम परत आणली, तर कानाचेही भले होईल आणि अंगाचेही.

आपल्या जिल्ह्यात तर तालमीची मोठी परंपरा आहे. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला. कोल्हापूरचे खासबाग मैदान १९१२ साली बांधून झाले. कोल्हापुरात पेठेपेठेत तालमी आहेत आणि गणेशोत्सवही तालमीच करतात. तांबडी माती, मारुतीची तसबीर, जोर, बैठका आणि आरती, सारे एका छपराखाली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकलेले खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला गेले आणि कुस्तीत कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताला एकट्या खेळाडूने मिळवून दिलेले ते पहिले ऑलिंपिक पदक. कुस्ती थोड्या मिनिटांची, पण तिच्यामागे वर्षानुवर्षांची रोजची मेहनत होती.

सातारा जिल्ह्यातल्या औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी ह्यांचीही गोष्ट सांगण्याजोगी आहे. ते १८६८ साली जन्मले आणि १९५१ साली वारले. राजाच्या घरी सण-समारंभांना काय तोटा? पण त्यांनी रोजचे सूर्यनमस्कार सोडले नाहीत. संस्थानातल्या शाळांतही त्यांनी सूर्यनमस्कार सुरू केले. राजाला सवड होते, मग आपल्याला का होऊ नये?

आणि बेंदूर आठवा. बेंदराला बैलाला विसावा असतो. त्याला न्हाऊ-माखू घालतात, शिंगे रंगवतात, पोळी चारतात. पण शेतकरी त्याला महिनाभर दावणीला बांधून पोळ्या चारत बसत नाही. तसे केले तर बैल बसकण मारेल. जे बैलाला कळते, ते आपल्याला कळायला नको का?

सणाचा दहा मिनिटांचा बेत

सणाला रोजच्यासारखा अर्धा तास मिळणार नाही, हे मान्य. म्हणून सणाचा बेत निराळा करावा. दहा मिनिटे काढावी. एक सतरंजी पुरे.

१. जागच्या जागी गुडघे उचलून चालावे. २ मिनिटे.

२. सावकाश ५-६ सूर्यनमस्कार घालावे. ज्यांचे गुडघे किंवा कंबर दुखते, त्यांनी खुर्चीवरून हात न टेकता १० वेळा उठावे-बसावे. ३ मिनिटे.

३. भिंतीपासून दोन पावले दूर उभे राहून, तळवे भिंतीला टेकून १०-१५ जोर काढावे. १ मिनिट.

४. टाचा वर उचलाव्या, खाली टेकाव्या. असे १५-२० वेळा. १ मिनिट. मागावर उभे राहणाऱ्यांना हा प्रकार फार उपयोगी आहे. पोटरी ही पायातल्या रक्ताची मोटच आहे. ती हलली की खाली साचलेले रक्त वर चढते.

५. खांदे, मान आणि कंबर हळूहळू ताणून मोकळी करावी. ३ मिनिटे.

झाली दहा मिनिटे. आता हे करायचे कधी? नरकचतुर्दशीला आपण पहाटे उठतोच. अंगाला तेल लावण्यापूर्वी करावे. बाहेर फटाक्यांचा धूर असेल तर घरातच करावे. धुरात धावू-पळू नये. गणपतीत संध्याकाळच्या आरतीपूर्वी करावे. पाव्हण्यांच्या घरी गेलात तर त्यांनाही बरोबर घ्यावे. लाज कसली त्यात? घरातली पोरे हसत-हसत सामील होतात.

शिवाय जेवणानंतर शतपावली सोडू नये. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालले, तर साखर एकदम चढत नाही. जुनी माणसे सांगत होती, तेच आता डॉक्टरही सांगतात. जड व्यायाम मात्र भरपेट जेवणानंतर दोन-तीन तास करू नये.

एक हिशेबही सांगतो. बेसनाचा एक मोठा लाडू जिरवायला अर्धा-पाऊण तास झपाझप चालावे लागते. म्हणजे चार लाडू खाऊन "उद्या चालून जिरवतो" म्हणणे काही खरे नाही. लाडू खावा, एक खावा, चवीने खावा.

बायकांचा सण

पुरुषांना सण म्हणजे सुट्टी. बायकांना सण म्हणजे दुप्पट पाळी. आमच्या वर्गातल्या एक मावशी कांड्या भरायला जातात. त्या म्हणाल्या, "गुरुजी, आमचा कुठला खाडा? चकल्या पाडून हात गळ्यात आल्यात."

त्यांचे खरे आहे. घरकामात हालचाल होते. पण ती वाकून, बसून, एकाच अंगाने होते. कंबर धरते, मान धरते. बायकांना सणात जास्त कामाची नव्हे, तर पाठ सरळ करण्याची गरज असते. तासाभराने फराळाच्या कढईपासून उठावे. हात वर करून अंग ताणावे. चार पावले चालावे.

आणि पुरुषांना सांगणे, की तुमच्या व्यायामाचे एक साधन घरातच आहे. पाणी भरा, डबे काढा, पिठाची पाटी उचला, भिंती झाडा. तुमचा व्यायाम होईल आणि तिला दहा मिनिटे मिळतील. त्या दहा मिनिटांत तिला मोकळ्या हवेत एक फेरी मारू द्या.

पुन्हा सुरुवात कशी करावी?

इतके करूनही खाडे पडले, तर? पडू द्या. मनाला लावून घेऊ नका. पण वसुली करू नका. हीच त्या विणकर गृहस्थांची दुसरी चूक.

मी वर्गात विचारले, "दिवाळीनंतर माग चालू करता, तेव्हा काय करता?" ते म्हणाले, "आधी तेल देतो. हातानं फिरवून बघतो. मगच पट्टा टाकतो." मी म्हटले, "मग शरीराला तेल न देता पट्टा का टाकला?"

आठवड्याचा खाडा पडला असेल, तर पूर्वीच्या निम्म्यावर सुरू करावे. अर्धा तास चालत होता, तर १५ मिनिटे चालावे. चार-पाच दिवसांनी पाच मिनिटे वाढवावी. महिन्याचा खाडा असेल तर आणखी हळू जावे. अंग थोडे दुखेल, ते दोन दिवसांत राहील. सांधा सुजला किंवा दुखणे वाढत गेले, तर थांबावे.

सावध राहा

१. चालताना छातीत दुखले, डावा हात किंवा जबडा भरून आला, फार धाप लागली, भोवळ आली, तर लगेच थांबावे आणि डॉक्टरांकडे जावे. घरी वाट बघू नये.

२. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल आणि नवरात्राचा उपवास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. उपाशीपोटी व्यायाम करू नये. घाम सुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर साखर उतरली असे समजून लगेच साखर किंवा गूळ खावा. खिशात साखरेची पुडी ठेवावी.

३. मधुमेहाच्या माणसाने अनवाणी दूर चालू नये. देव चपलेवर रागावत नाही. देवळाच्या दारात ती काढता येते. रोज रात्री तळपाय बघावे. दिसत नसतील तर आरसा धरावा किंवा घरच्यांना बघायला सांगावे.

४. ताप असताना व्यायाम करू नये. सणात औषधांचा खाडा कधीही पडू देऊ नये.

कॅलेंडरावरचे अक्षर

आता त्या गृहस्थांचे पुढे काय झाले, ते सांगून संपवतो.

ते आमच्या वर्गात लिहा-वाचायला शिकले. त्यांनी घरात भिंतीवर कॅलेंडर लावले आहे. ज्या दिवशी चालले, त्या तारखेवर ते पेन्सिलीने 'च' लिहितात. घरात दहा मिनिटांचा व्यायाम केला, तर 'व'. काहीच केले नाही, तर 'खा' म्हणजे खाडा. त्यांच्या आयुष्यातली ही पहिली वही. ती त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेली आहे.

पुढच्या दिवाळीनंतर ते कॅलेंडराचे पान वर्गात घेऊन आले. मी मोजले. महिन्यात सात 'खा' होते. पण दोन 'खा' लागून कुठेच तीन झाले नव्हते. त्यांनी रक्ताच्या तपासणीचा कागदही आणला होता. त्यावरचा आकडा त्यांनी स्वतः वाचून दाखवला. तो गेल्या वर्षीपेक्षा खाली होता.

"गुरुजी," ते म्हणाले, "औंदा लाडूबी खाल्ला आणि अंगठाबी शाबूत हाय."

मंडळी, तुमच्या घरी कॅलेंडर आहेच. पेन्सिल घ्या. आजच्या तारखेवर कोणते अक्षर लिहिणार?

ध्यानात ठेवा

एका दिवसाच्या खाड्याने बिघडत नाही. सलग तिसरा पडू देऊ नका.

सणाला अर्धा तास नाही, तर दहा मिनिटे.

चुकलेला व्यायाम एका दिवसात वसूल करू नका. निम्म्यावर सुरू करा.

जेवल्यावर शतपावली.

उत्तरे लिहा

१. ड्रायव्हरपेक्षा कंडक्टरला हृदयाचा विकार कमी का होत होता?

२. विणकर गृहस्थांच्या दोन चुका कोणत्या?

३. तुमच्या घरच्या कोणत्या सणात सर्वांत जास्त खाडे पडतात? त्या दिवसांसाठी तुमचा दहा मिनिटांचा बेत लिहा.